आम्ही सोलापूरला का आलो

आम्ही सोलापूरला का आलो, याच्या आमच्या घरात तीन कथा आहेत. सांगणारे तिघेही आता गेले. होते तेव्हा एकानं दुसऱ्याची कथा कधी पुरी होऊ दिली नाही. नायनम्मा, म्हणजे माझ्या वडिलांची आई, म्हणायची की दुष्काळ पडला म्हणून आलो. ताता, म्हणजे आजोबा, म्हणायचे की दोराच्या जाचाला कंटाळून आलो. दोरा म्हणजे तिकडचा जमीनदार. आणि पेद्दनायना, माझे थोरले काका, लाल बावट्याचे कार्यकर्ते, दोघांनाही हसायचे. "कोणी रडत आलं नाही, कोणी पळून आलं नाही. गिरणीत पगार होता, म्हणून आलो. त्यात लाजायचं काय?"

तिघंही सांगायचे तेलुगूत. मी लिहितोय मराठीत, कारण मला लिहायला मराठीच येतं. तेलुगू मी घडाघडा बोलतो, दुकानांच्या पाट्या वाचतो, पण कागदावर दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की हात थांबतो. आम्ही पद्मशाली, विणकर. सोलापूरच्या पूर्व भागात साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, आत यंत्रमागाचा खडखडाट आणि उंबऱ्यावर विडीचं सूप मांडीवर घेतलेल्या बायका, हे माझ्या लहानपणचं दृश्य. शाळेत मला 'तेलंगी' म्हणत. त्यात फारसा राग नसायचा. कानडी पोराला कानडी म्हणत, तसंच हे. पण घरी येऊन विचारलं, आपण तेलंगी म्हणजे कुठले, की तीन कथा सुरू व्हायच्या.

नायनम्माचा इतिहास सृष्टीच्या आरंभापासून सुरू होई. देवांना अंगावर घालायला काही नव्हतं. मार्कंडेय ऋषींच्या वंशात भावना ऋषी जन्मले, त्यांनी विष्णूच्या नाभिकमळाच्या देठातून तंतू काढले आणि पहिलं वस्त्र विणलं. तेव्हा कुठे देवांची अब्रू झाकली. तिथून ती एका दमात थेट दुष्काळावर यायची. मधली हजारो वर्षं माग चालू होता, म्हणजे तिच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

दुष्काळात तातांचा आजा बायको, दोन मुलं आणि फडक्यात गुंडाळलेली फणी घेऊन निघाला. आमचा माग खड्ड्यातला. विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो, पावड्या खाली असतात. असा माग उचलून नेता येत नाही. लाकडं तिथं राहिली, खड्डा तिथं राहिला, फणी तेवढी खांद्यावर आली. वाटेत धाकटा मुलगा गेला. त्याचं नाव काय होतं, कोणालाच माहीत नाही. पण पितृपक्षात नायनम्मा एक छोटं पान वेगळं वाढायची आणि त्यावर मुद्दाम गोड काहीतरी ठेवायची. "लेकरू उपाशी गेलं, बिड्डा," एवढंच म्हणायची.

कॉलेजात असताना मी पुस्तकं चाळली तेव्हा तिच्या कथेत एक अडचण दिसली. १८७६ ते १८७८ चा तो मोठा दुष्काळ निजामाच्या मुलखात होता तसाच सोलापूर जिल्ह्यातही होता. उलट दख्खनचा हा पट्टा चांगलाच होरपळला होता. मग उपाशी माणूस एका दुष्काळातून उठून दुसऱ्या दुष्काळात कशाला येईल? उत्तर रेल्वेत आहे. सोलापूरला १८६० सालीच रेल्वे आली होती. दुष्काळात धान्य जिथं रेल्वे तिथं उतरायचं. सरकारी दुष्काळी कामं निघाली होती, खडी फोडायची, माती उपसायची. आणि ऐन दुष्काळात, १८७७ साली, मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली. सगळं शहर तिला पुढे जुनी गिरणी म्हणू लागलं. खडी फोडून विणकराची बोटं कामातून जातात. मऊ सूत हाताळणाऱ्या बोटांना घट्टे पडले की धागा अडकतो, तुटतो. म्हणूनच पुढच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूरच्या विणकरांना त्यांच्याच धंद्यातलं काम देऊन जगवावं, असा विचार पुढे आला. नायनम्माला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण तिच्या कथेतला आजा सोलापुरात पहिलं वर्ष "दगडावर" होता आणि त्यानंतर त्याला मागावर बसता येईना, हे ती सांगायची. मी ते सुरुवातीला अलंकार समजून सोडून दिलं होतं.

तातांची कथा रात्रीची होती. त्यांचा जन्म सोलापूरचा, त्यांनी ते गाव पाहिलं ते थेट स्वतःच्या लग्नात. तरी गडीचं वर्णन ते डोळ्यांसमोर असल्यासारखं करत. गडी म्हणजे दोराचा किल्ल्यासारखा वाडा. त्या वाड्यात लग्न निघालं की विणकर आळीतल्या प्रत्येक मागावर वाड्याचं कापड चढायचं, फुकट. परटानं फुकट धुवायचं, कुंभारानं फुकट मडकी द्यायची, ताडी काढणाऱ्यानं ताडी. या वेठबिगारीला तिकडे वेट्टी म्हणत. तेलंगणातल्या १९४६ च्या उठावाच्या मुळाशी जमिनीइतकीच ही वेट्टी होती. तातांच्या कथेतल्या आज्यानं वाड्याचं कापड अर्धं विणलं आणि एका रात्री मागावरचा उभा ताणा कोयत्यानं सपासप कापला. भरला ताणा कापणं हे आमच्यात गरोदर गाय मारण्यासारखं पाप. ते करून तो निघाला, तो परत गेला नाही.

पेद्दनायनांना इथं चेव यायचा. "अम्मा म्हणते फणी खांद्यावर आणली. तुम्ही म्हणता ताणा कापला. दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा."

"गाढवा," ताता म्हणायचे, "ताणा कापल्याशिवाय फणी सुटते का?"

हे खरं होतं. फणीच्या प्रत्येक घरातून ताण्याचा धागा ओवलेला असतो. ताणा कापायचा तो फणीच्या मागे वीतभर सोडून. ती टोकं फणीत तशीच ठेवायची, म्हणजे नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला सांधता येतो, पुन्हा ओवायचा त्रास वाचतो. शेकडो धागे असतात. हे काम घरातल्या बायका आणि पोरं करायची. मीही केलंय. चिमटीत राख घेऊन दोन टोकं पिळायची.

पेद्दनायनांची कथा सगळ्यात रुक्ष आणि म्हणून मला सगळ्यात उशिरा आवडली. १८७४ साली वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंत निजामाची रेल्वे झाली आणि ती इकडच्या रेल्वेला मिळाली. गिरण्यांना हात हवे होते. जुनी गिरणी, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. खात्यातला जॉबर आपल्या गावची माणसं आणायचा, त्यांना खोली बघून द्यायचा, पहिल्या पगारातून आपला हिस्सा कापून घ्यायचा. पेद्दनायनांच्या मते आमचा पणजोबा असाच आला, १९०० च्या पुढेमागे, एका लांबच्या मामाच्या सांगण्यावरून. दुष्काळ नाही, दोरा नाही. "निजामाच्या रुपयापेक्षा गिरणीचा रुपया महिन्याच्या महिन्याला दिसायचा," एवढंच कारण.

पेद्दनायनांना आपला माणूस सगळीकडे दिसायचा, हा त्यांचा एक गमतीचा दोष. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे मुंबईतले खंदे कार्यकर्ते जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू. ही नावं ते सभेत अशी घ्यायचे की जणू तिघंही आमच्या गल्लीत राहून गेले. ते मुंबईचे तेलुगू कंत्राटदार, कामाठीपुऱ्याच्या बाजूचे, आणि पद्मशाली तर नव्हतेच. पण पेद्दनायनांना जात नको होती, त्यांना तेलुगू माणूस मराठी मुलखाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे हे ठासून सांगायचं होतं. तातांनाही तेच हवं होतं, वेगळ्या मार्गानं. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा ते विशीतले, गिरणीत लागलेले. गांधी टोपी दिसली की सोजीर धरून न्यायचे. तातांनी आपली टोपी पाजणीच्या खळीच्या मडक्यात लपवली होती, ती नंतर पापडासारखी वाळली. हे सांगून ते हसायचे आणि मग गंभीर होऊन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावं घ्यायचे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. घेऊन झाली की थोडं थांबायचे. एकदा म्हणाले, "पाचवा आपला पाहिजे होता." फाशी जाणाऱ्यांत आपला माणूस असावा, अशी इच्छा धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण या शहरावर आपला हक्क आहे हे सांगायला त्यांना दुसरा कुठला पुरावा पुरेसा वाटत नसावा.

तीन कथांच्या खाली चौथी दबली होती. ती मला चिन्नतातांनी सांगितली. हे तातांचे चुलतभाऊ. गावाकडेच राहिलेले, १९४७ च्या शेवटी अंगावरच्या कपड्यांनिशी सोलापूरला आले. तिकडे एका बाजूला संघम्, म्हणजे कम्युनिस्टांनी उभा केलेला शेतकऱ्यांचा लढा, आणि दुसऱ्या बाजूला रझाकार. ४ जुलै १९४६ ला कडवेंडी गावात दोड्डी कोमरय्या गोळीला बळी पडला, तेव्हापासून नलगोंडा जिल्हा पेटलेलाच होता. चिन्नतातांचा लढ्याशी संबंध एवढाच, की संघम्‌च्या पोरांना त्यांनी एका रात्री जेवायला घातलं होतं. तेवढं पुरलं. सोलापूर तेव्हा निजामाच्या हद्दीला लागून असलेलं भारतातलं शहर. मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येत होते, कुणी सराफकट्ट्यावर, कुणी नातलगांच्या घरी. चिन्नताता आमच्या माळ्यावर झोपायचे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. जनरल चौधरींची ती तुकडी, पहिली चकमक नळदुर्गला. चिन्नतातांनी माळ्यावरून गाड्यांचा आवाज ऐकला. आमची माणसं ज्या रस्त्यानं पिढ्यान्‌पिढ्या इकडे आली, त्या रस्त्यानं पहिल्यांदाच कुणीतरी एवढ्या घाईनं तिकडे चाललं होतं. पाचव्या दिवशी निजाम शरण आला. चिन्नताता दिवाळीला गावी परत गेले. आणि दोन वर्षांनी पुन्हा सोलापूरला आले, या वेळी पावरलूमवर कामाला.

तर आम्ही कधी आलो? दुष्काळात आलो, रात्रीतून आलो, जॉबरच्या चिठ्ठीवर आलो, रझाकारांच्या भीतीनं आलो. चारही कथा खऱ्या असायला काही हरकत नाही, कारण एका घराण्यात माणसं पुष्कळ असतात आणि ती एकदाच येत नाहीत. येतात, मुलीच्या लग्नाला परत जातात, सुगीला जातात, पुन्हा येतात. आणि सुना तर येतच राहतात. आमच्यात आत्याची किंवा मामाची मुलगी करायची रीत, त्यामुळे सोयरीक बऱ्याचदा तिकडचीच. प्रत्येक पिढीत नवी सून तिकडचं ताजं तेलुगू घेऊन आली. तेलुगू टिकवल्याचं श्रेय आमच्या समाजातले पुरुष स्वतःकडे, मंडळाकडे, शाळांकडे घेतात. खरं श्रेय त्या सुनांचं. सोयरिकी सोलापुरातल्या सोलापुरात व्हायला लागल्या तशी घरातली भाषा पातळ होत गेली.

नायनम्माची भाषा मात्र कुठल्याच शिक्क्यात बसणारी नव्हती. देवाशी तेलुगूत, शेजारणीशी कानडीत, भाजीवाल्याशी दख्खनीत. विड्या ती मराठीत मोजायची, कारण कारखान्यातला कारकून मराठीत मोजून घ्यायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. तोंडानं तेलुगूत बोलत असताना सुद्धा आकडे मराठीच. झोपेतही तिनं आकडे घेतलेले मी ऐकलेत, आणि ते मराठीच होते.

मुलीच्या जातपडताळणीच्या वेळी हा सगळा इतिहास मला एका फायलीत बसवायचा होता. महाराष्ट्रात पद्मशाली विशेष मागास प्रवर्गात येतात. त्याचा दाखला हवा, तर तुमचं कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकापूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी तारीख वेगळी, २१ नोव्हेंबर १९६१. माझी स्वतःची काही तक्रार नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, नाहीतर उद्या कोणीही येऊन हक्क सांगेल. पण त्या खिडकीसमोर उभं राहून माझ्या लक्षात आलं की आधी इथलेच असल्याचं सिद्ध करायचं, मगच तिथले असल्याचा दाखला मिळतो. दुष्काळाला, कोयत्याला, मेलेल्या पोराला फायलीत जागा नव्हती. चालली ती तातांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल. त्यात जातीच्या रकान्यात 'तेलंगी साळी' असं मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलेलं. दुसरं म्हणजे गिरणीचं तिकीट, ज्यावर त्यांचं नाव उलटं छापलंय. आमच्याकडे घराणं आधी, नाव नंतर. गिरणीच्या हजेरीपुस्तकानं ते फिरवून मराठी पद्धतीनं लावलं: नाव, बापाचं नाव, आडनाव. शाळेच्या दाखल्यावर एक, गिरणीच्या तिकिटावर दुसरं. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत, याचं प्रतिज्ञापत्र करायला मला शंभराचा स्टॅम्पपेपर लागला.

मी गावी जाऊन आलो. सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, जुना ९ नंबर, तसाच पुढे सूर्यापेटहून विजयवाड्याकडे जातो. आमचं गाव सूर्यापेटपासून आत. म्हणजे आमच्या घरापासून त्या गावापर्यंत वळणसुद्धा फार घ्यावं लागत नाही. चालत आलेल्या माणसांच्या मानानं हे लाजिरवाणं सोपं आहे. ते गाव आज्याच्या वेळी निजामाचं, १९५६ ला आंध्र प्रदेशचं, २०१४ ला तेलंगणाचं झालं, आणि २०१६ ला त्याचा जिल्हाही नलगोंडाऐवजी सूर्यापेट झाला. आम्ही तेवढ्यात मुंबई इलाख्यातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलो, गल्ली न सोडता.

विणकर आळीत निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं सुरतेला, भिवंडीला, काही आखातात. एका ओट्यावर सत्तरीचा एक गृहस्थ बसला होता. मी जमेल तेवढं शुद्ध तेलुगू जुळवून ओळख सांगू लागलो. त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि मराठीत म्हणाला, "सोलापूरचे काय? बसा की." भिवंडीत त्याचं अर्धं आयुष्य पावरलूमवर गेलं होतं. मग तासभर आम्ही दोघं, तेलंगणातल्या एका ओट्यावर, मराठीत बोलत बसलो. आमच्या घराण्याबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. गडीबद्दल विचारलं तर म्हणाला, पडली, दगड लोकांनी नेले. माझ्याकडून त्याला सोलापुरी चादर हवी होती, डबलबेडची, जेकार्डची. मी पाठवली.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचं तेलुगू म्हणजे समजतं, पण उत्तर मराठीत. गेल्या काही वर्षांत मात्र तिनं बतुकम्मा धरलाय. २०१४ ला तेलंगणा राज्य झालं आणि बतुकम्मा राज्याचा सण झाला. तेव्हापासून गाण्यांचे व्हिडिओ, एकसारख्या साड्या, मोठमोठे कार्यक्रम. पूर्वी आमच्या गल्लीतही तो होता, पण बायकांपुरता. पितृअमावस्येपासून नऊ दिवस, तरवडाच्या आणि कुरडूच्या फुलांचा उतरता मनोरा रचायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी पाण्यात सोडायचा. फुलं रानातली. माळावर कोणीही तोडावीत अशी. मुलगी ती पुण्यात ऑनलाइन मागवते. मला आधी हसू आलं. मग तिच्या कार्यक्रमाला गेलो तर तिला गाण्याची सगळी कडवी पाठ, उच्चार स्वच्छ. मग हसू आवरलं.

तरी आमचं एकदा भांडण झालंच. मी म्हणालो, "सण उचलणं सोपं असतं. तेलुगू म्हणवून घ्यायचं तर नायनम्मा कांड्या कशा भरायची ते तरी माहीत पाहिजे."

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तरी माग कुठं चालवलात? तुम्ही बँकेत होता."

यावर मला उत्तर नव्हतं. अजून नाही. पण माझा मुद्दा मी सोडलेला नाही. आमचा समाज आता जो हक्क सांगतो तो मार्कंडेयावर, नारळी पौर्णिमेच्या रथावर, त्या दिवशी बदलायच्या जानव्यावर, कमळाच्या तंतूवर. ते सगळं मला प्रिय आहे, रथाला मी दरवर्षी जातो. पण देवांना कपडे घालणारे पूर्वज सगळ्यांनाच परवडतात. सोलापुरात आल्यावर शंभर-सव्वाशे वर्षं जे केलं, त्यावर हक्क सांगायला लोक बिचकतात. जुनी गिरणी १९६३ ला बंद पडली आणि त्या वर्षी तातांच्या पिढीतली माणसं एका सकाळी भोंगा वाजला नाही म्हणून गोंधळून दारात उभी राहिली. त्यानंतर घर चाललं ते बायकांच्या विड्यांवर. पाठीला बाक, छातीत तंबाखूची धूळ, बोटांना कात्रीचे घट्टे. या बायकांसाठी नरसय्या आडम मास्तरांनी लढून घरं मिळवली, कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत उभी राहिली, नंतर रे नगर. जगात विडी वळणाऱ्या बायकांची एवढी मोठी वसाहत दुसरी नसेल असं पेद्दनायना सांगायचे. त्यांच्या सवयीप्रमाणे ते वाढवून सांगत असतील, पण ती उघड्या माळावर उभी आहे, जाऊन बघता येते. समाजाच्या स्मरणिकेत तिचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. भावना ऋषी मुखपृष्ठावर असतात.

लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी आत्मचरित्र मराठीत लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'एका साळियाने'. तेलुगू घरातला माणूस, तेलुगू आणि मराठी दोन्हींत वावरणारा लेखक, आणि नावात ना गाव ना भाषा, धंदा. मला ते नाव फार योग्य वाटत आलंय.

आमच्या घरातलं आता सगळ्यात वयस्क माणूस म्हणजे अत्ता, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय नव्वदीला आलेलं, ऐकू कमी येतं, बोटं अजून चालतात. मांडीवर सूप नसलं तरी हातात जे सापडेल ते वळत बसते, बसचं तिकीट, कॅलेंडरचं पान. जनगणना येतेय, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख, आणि या वेळी जातही विचारणार, असं मी तिला मोठ्यानं सांगत होतो. मातृभाषा विचारतील, आणखी येणाऱ्या दोन भाषा विचारतील. घरात लगेच वाद सुरू. मी म्हणालो तेलुगू. मुलगी म्हणाली मीही तेलुगूच सांगणार. तिची आई म्हणाली, "तू नवऱ्याशी मराठीत बोलतेस, पोराशी इंग्रजीत, आणि मातृभाषा तेलुगू?" मुलगी म्हणाली, "मातृभाषा आईची असते ना? मग तुझी सांगते." मुलीच्या बाजूनं जावयानं तोंड घातलं, तो कोल्हापूरचा, त्याला हे सगळं करमणुकीचं वाटतं.

अत्ता बराच वेळ ऐकून घेत होती. मग म्हणाली, "कोण येणार विचारायला? मास्तर का?"

"हो अत्ता, बहुतेक मास्तरच."

"तेलुगू येतं का त्याला?"

"नसेल येत."

"मग मराठीत सांगेन," ती म्हणाली. "आणि काम काय करता विचारलं तर घरीच असते म्हणून लिहू देऊ नका. विडी कामगार लिहा म्हणावं. कार्ड आहे माझं पेटीत. थांब, दाखवते."

आणि खरंच उठली, आम्ही नको नको म्हणत असताना.